कष्ट केले आणि लिहिलं 'हार्डली'

पत्र बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून आलंय. लिहिणारा मुलगा चोवीस वर्षांचा. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी शाळा, मग बेळगावात मेकॅनिकल डिप्लोमा. आता उद्यमबागेतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, कास्टिंग म्हणजे धातूचे ओतीव भाग तपासायचं काम. तो लिहितो:

"बाई, घरात मराठी, बसमध्ये आणि कारखान्यात शॉपवर कन्नड, गिऱ्हाइकाला मेल मात्र इंग्रजीत. गेल्या महिन्यात एक अडकलेली ऑर्डर आम्ही रविवारीसुद्धा येऊन पूर्ण केली. मी पुण्याच्या पार्टीला लिहिलं, 'वी वर्क्ड हार्डली टू कम्प्लीट युअर ऑर्डर.' साहेबांनी ते मेल सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. सगळे हसले. मीपण हसलो, पण कशाला हसायचं ते मला कळलं नव्हतं. त्याच मेलमध्ये 'मशिन इज रनिंग स्मूथ' असंही होतं. तिथं म्हणे ली पाहिजे होता. म्हणजे एकीकडे ली लावला म्हणून चूक, दुसरीकडे नाही लावला म्हणून चूक. विशेषण म्हणजे काय, क्रियाविशेषण म्हणजे काय, व्याख्या झोपेतून उठवून विचारा, सांगतो. लिहायला बसलो की उपयोग शून्य. आणखी एक. साहेबांच्या प्रत्येक मेलच्या शेवटी 'प्लीज रिव्हर्ट बॅक अर्जंटली' असतं. ते तरी बरोबर आहे का?"

बाई म्हणालास, तेव्हा मी तुला अरेतुरेच करणार.

आधी ते हसणं निकालात काढू. 'वी वर्क्ड हार्डली' म्हणजे 'आम्ही काम केलं न केल्यासारखंच'. पुण्याच्या माणसाला तू कळवलंस की तुमच्या ऑर्डरसाठी आम्ही हातपाय फारसे हलवले नाहीत. हसू येणारच. पण तुझं डोकं सरळ चाललं होतं, हे मी मुद्दाम सांगते. हार्ड म्हणजे कष्टाचं, त्याला ली लावला की कष्टानं. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत हार्डलीचा अर्थ हाच होता. मग 'कष्टानं'चं झालं 'मोठ्या मिनतवारीनं', त्याचं झालं 'जेमतेम', आणि आता तो शब्द 'जवळजवळ नाहीच' यावर येऊन थांबलाय. आपल्या 'मुश्किलीने'कडे बघ. 'मुश्किलीने डोंगर चढलो' यात कष्ट आहेत, आणि 'सभेला मुश्किलीने दहा माणसं होती' यात कष्ट कुणाचेच नाहीत, माणसं कमी आहेत. इंग्रजीत यातला पहिला अर्थ मरून गेला, दुसरा उरला. तेव्हा कष्टानं म्हणायचं तर नुसतं 'हार्ड'. 'वी वर्क्ड हार्ड.' त्याला शेपूट नाही.

आता व्याख्या पाठ असून हात का अडखळतो ते बघू. दोष तुझा नाही, मराठीचाही नाही. दोन भाषांची मोडणी वेगळी आहे, एवढंच.

तू म्हणतोस, 'पोरगा चांगला खेळतो.' पोरगी असली तर 'चांगली खेळते'. पोरं असली तर 'चांगली खेळतात'. इथं चांगला हा शब्द पोराबद्दल नाही, खेळण्याबद्दल आहे. पोरगा स्वभावानं वाह्यात असू शकतो, तरी चांगला खेळतो. म्हणजे काम क्रियाविशेषणाचं, पण लिंग-वचन घेतलंय नामाकडून. आपली व्याकरणाची पुस्तकं यासाठी बारीक फरक करतात: न बदलणारं ते क्रियाविशेषण अव्यय, बदलणारं ते नुसतं क्रियाविशेषण. शाळेत हा फरक एका गुणासाठी पाठ केला जातो आणि परीक्षा झाली की विसरला जातो. राहतं काय, तर कानाला लागलेली सवय: 'चांगली मुलगी' आणि 'चांगली गाते' यात चांगली तीच. म्हणून इंग्रजीत 'गुड गर्ल' लिहिणारा हात न अडखळता 'शी सिंग्ज गुड' लिहून मोकळा होतो. तिथं 'वेल' हवं. इंग्रजी विशेषण कुणासमोर झुकत नाही, बाई असो, बुवा असो, शंभर असोत, गुड ते गुडच. पण नाम सोडून क्रियापदाकडे जायचं म्हटलं की त्याला कपडे बदलावे लागतात.

त्यात आणखी एक गंमत आपण स्वतःच करून ठेवलीय. आपण इंग्रजी शब्द उसने घेतले तेव्हा शेपट्या कापून घेतले. 'गाडी फास्ट चालव', 'स्लो कर', 'प्रॉपर बसव', 'क्लिअर सांग', 'परफेक्ट बसलं', 'मशिन स्मूथ चालतंय'. शॉपवर दिवसभर हेच कानावर पडतं ना? मराठीत ते अगदी बरोबर आहे, मराठीला तिथं वेगळं रूप लागत नाही. मग संध्याकाळी मेल लिहायला बसलास की तेच शब्द तसेच उतरतात, आणि चूक होते. उलट 'ॲक्च्युअली', 'बेसिकली', 'फायनली', 'जनरली', 'टेक्निकली' हे मात्र शेपटासकट आले. जे शब्द वाक्याच्या तोंडाशी बसून अख्ख्या वाक्यावर शेरा मारतात ते अख्खे आले, आणि काम कसं झालं ते सांगणारे बहुतेक सगळे बोडके आले. 'इझिली'सारखा एखादा निसटलेला सोडून दे. तेव्हा तुझी पहिली सवय ही असू दे: इंग्रजीत लिहिताना 'प्रॉपर, स्मूथ, क्लिअर, परफेक्ट, करेक्ट' यातला शब्द लेखणीखाली आला की थांबायचं. पुढं वस्तू आहे का काम आहे? 'अ स्मूथ सरफेस', पण 'रनिंग स्मूथली'. 'करेक्ट डायमेन्शन', पण 'मेझर्ड करेक्टली'. 'द फिट इज गुड', पण 'द पार्ट फिट्स वेल'.

आता खरी युक्ती. ही पुण्या-मुंबईच्या पोराला सांगून उपयोग नाही, तुला आहे.

कोल्हापूरहून बेळगावला येताना कागल सोडलं की कोगनोळीचा टोल नाका लागतो. तिकडच्या, महाराष्ट्राच्या बाजूला पाट्या असतात 'वाहने सावकाश चालवा'. इकडे आलास की कन्नड पाटी, 'निधानवागि चलिसि'. त्या निधानवागितला 'आगि' बघ. निधान म्हणजे संथपणा, त्याला आगि जोडला की संथपणे. सुंदर, सुंदरवागि. स्पष्ट, स्पष्टवागि. 'आगु' म्हणजे होणे, म्हणून आगि म्हणजे 'होऊन'. शब्द नामाकडून क्रियापदाकडे जायला निघाला की कन्नड त्याला आगि बांधून देते. इंग्रजी ली बांधून देते, आणि तो ली ज्या जुन्या शब्दातून आला त्याचा अर्थ शरीर, रूप असा होता. एक भाषा म्हणते 'तसं होऊन', दुसरी म्हणते 'तशा रूपानं'. लिहिताना मराठी शब्द मनात आला तर त्यावर विसंबू नकोस, कन्नड म्हणून बघ. 'स्पष्टवागि हेळु' म्हणशील, म्हणजे 'टेल क्लिअरली'. ली आला.

पण बसमधली आणि शॉपवरची कन्नड घेऊ नकोस, पाटीवरची घे. आपल्याकडची बोली कन्नड आपल्या मराठीसारखीच. 'चलो हुडगी' म्हणजे चांगली मुलगी आणि 'चलो हाडताळ' म्हणजे चांगली गाते, दोन्हीकडे चलो तोच. कंडक्टर ओरडतो 'लगू बर्री', म्हणजे लवकर या, त्याला कुठला आगि? शेजाऱ्यांनी एकमेकांचं वळण उचललंय.

आणि ही किल्ली एका कुलपाला लागत नाही, ते आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर उद्या परत पत्र येईल. कन्नडमध्ये 'फूल सुंदर आहे' याला म्हणतात 'हूवु सुंदरवागिदे'. इथंही आगि! पण इंग्रजीत 'द फ्लॉवर इज ब्यूटिफुल', ब्यूटिफुली नव्हे. इज, ॲम, आर, वॉज यांच्या पुढं येणारा असा शब्द कामाबद्दल नसतो, वस्तूबद्दल असतो. फूल काही करत नाहीये, ते नुसतं आहे. तिथं मराठीवर विसंब. मराठी म्हणते 'फूल सुंदर आहे', 'सुंदरपणे आहे' म्हणत नाही.

याच जातीची आणखी काही क्रियापदं आहेत आणि तिथं भलेभले घसरतात. लुक, फील, स्मेल, टेस्ट, साउंड, सीम. ही दिसतात कामाची, पण असतात 'आहे'ची भावंडं. 'द कुंदा टेस्ट्स स्वीट', स्वीटली नाही, कारण आपला हा बेळगावी गोड पदार्थ काही चाखत बसलेला नाही, तो गोड आहे. तुझ्या शॉपवरचंच घे. 'द बेअरिंग फील्स हॉट.' 'द कूलंट स्मेल्स बॅड.' 'द कास्टिंग लुक्स रफ.' तिन्ही ठिकाणी शेपटाविना. पण तूच व्हर्नियर घेऊन ते कास्टिंग बघायला लागलास की ते काम झालं: 'आय लुक्ड अॅट द कास्टिंग केअरफुली.' क्रियापद तेच, लुक. एकदा ते आरशासारखं वस्तूचं रूप दाखवतं, एकदा माणसाची कृती. ओळखायची सोपी रीत: त्या जागी इज घालून बघ. 'द बेअरिंग इज हॉट' जमतंय, मग ली नको. 'आय इज द कास्टिंग' हे काहीतरीच होतंय, मग ली हवा.

हे मी आज शहाणपणानं सांगतेय, पण नोकरीच्या पहिल्या वर्षी तापाने फणफणले होते तेव्हा रजेच्या अर्जात ऐटीत लिहिलं होतं, 'आय ॲम फीलिंग बॅडली.' बॅडपेक्षा बॅडली जास्त शिकलेलं वाटलं. हेडमास्तरांनी अर्ज मंजूर केला आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिलं, 'बोटं बधिर झालीत का?' कारण त्याचा सरळ अर्थ होतो, माझी स्पर्शज्ञानाची क्षमता वाईट आहे. इंग्रजी शिकवायला नेमलेली बाई मी. तो कागद कितीतरी वर्षं कपाटात होता.

आता हार्डच्या नातेवाइकांकडे. फास्ट, हार्ड, लेट, अर्ली, हाय, नियर, स्ट्रेट, लो. हे दोन्हीकडे तेच कपडे घालून फिरतात. 'अ फास्ट लेथ', 'द लेथ रन्स फास्ट'. यातल्या बऱ्याच शब्दांच्या बाबतीत याचं कारण जुनं आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणाच्या शेवटी एक ए-सारखा स्वर लावला की क्रियाविशेषण व्हायचं. पुढं तो स्वर बोलण्यात झिजला आणि गळून गेला. ज्यांनी नंतर ली घेतला ते सुटले, ज्यांनी नाही घेतला ते तसेच राहिले. रस्त्यावरच्या इंग्रजी पाटीवर 'गो स्लो' असतं, 'गो स्लोली' नसतं, तीही चूक नव्हे. स्लोला दोन्ही रूपं आहेत आणि पाटीला आखूड शब्द बरा पडतो.

घोटाळा होतो तो यातल्या काहींनी ली घेऊन वेगळी चूल मांडली म्हणून. लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे अलीकडे. 'द लॉरी केम लेटली' लिहिलंस तर गिऱ्हाईक विचारेल, अलीकडे म्हणजे कधी? हाय म्हणजे उंच, हायली म्हणजे अतिशय. नियर म्हणजे जवळ, नियरली म्हणजे जवळजवळ. तुझ्या रिपोर्टमध्ये ही शेवटची जोडी आणि तिची भावंडं फार जपून वापर. 'नियरली ५० पीसेस' म्हणजे ५० ला थोडे कमी. 'रफली ५०' म्हणजे ५० च्या आसपास, थोडे इकडे थोडे तिकडे. 'बेअरली ५०' म्हणजे कसेबसे ५० भरले, आणि त्यात नाराजी आहे. हे रफली खडबडीतपणाचं नाही हेही लक्षात असू दे. 'मशीन्ड रफली' आणि 'रफली मशीन्ड' यात वाचणारा गोंधळेल, तेव्हा त्या ठिकाणी आकडाच लिही.

आणि फक्त ली बघून भुलू नकोस. फ्रेंडली, लव्हली, लोनली ही विशेषणंच आहेत. डेली, वीकली, मंथली तर दोन्हीकडे चालतात. 'डेली रिपोर्ट' आणि 'वी सेंड इट डेली'.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या पत्राबरोबर जोडलेल्या मेलमध्ये मला दोन गोष्टी दिसल्या आणि त्या ली-पेक्षा जास्त महाग पडतील.

पहिली, ओन्ली. तू लिहिलंयस, 'मटेरियल डिस्पॅच्ड टुडे ओन्ली.' तुला म्हणायचं होतं 'आजच पाठवला बघा', म्हणजे किती तत्पर. आपला च शब्दाच्या मागे चिकटतो. कन्नडचा ए-सुद्धा मागेच, आज म्हणजे इवत्तु, आजच म्हणजे इवत्ते. म्हणून आपण ओन्लीपण मागे चिकटवतो. पण इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून ऐकू येतं, 'आज कुठे पाठवला, आजवर पाठवला नव्हता.' फुशारकी मारायला गेलास आणि कबुलीजबाब देऊन बसलास! च-मधला जोर ओन्लीत येत नाही, ओन्लीत फक्त 'एवढंच, जास्त नाही' येतं. जोर हवा तर 'वी हॅव ऑलरेडी डिस्पॅच्ड द मटेरियल' लिही.

जिथं खरंच एवढंच म्हणायचं आहे तिथं ओन्ली ज्याला लावायचा त्या शब्दाच्या लगेच आधी ठेव. 'ओन्ली आय चेक्ड फाइव्ह पीसेस', मीच पाच तपासले, बाकीच्यांनी नाही. 'आय चेक्ड ओन्ली फाइव्ह पीसेस', मी पाचच तपासले. रिजेक्शनचा वाद सुरू झाला की या दोन वाक्यांत तुझी मान कुठं आहे आणि दुसऱ्याची कुठं, ते ठरतं.

दुसरी, टू. आपण 'टू गुड' म्हणतो ते खूशीत. तू लिहिलंयस, 'बोअर इज व्हेरी लार्ज इन थ्री पीसेस.' बोअर म्हणजे भागातलं भोक. व्हेरी म्हणजे खूप, त्यात तक्रार नाही. ट्रकचं चाकसुद्धा व्हेरी लार्ज असतं, तसंच असायला हवं. टू म्हणजे हवं त्यापेक्षा जास्त, म्हणजे ड्रॉइंगबाहेर. रिजेक्शन लिहायचं तर टू लार्ज, आणि त्याहून बरं म्हणजे विशेषणच काढून टाकायचं: 'ओव्हरसाइज बाय ०.०५ मिलिमीटर.' आकड्यासमोर कुठलंच विशेषण उभं राहत नाही. गिऱ्हाइकाच्या कामाचं कौतुक करताना मात्र 'टू गुड' लिहू नकोस, त्याला वाटेल हा टोमणा आहे.

करायचं काय, तर हे. नवीन व्याकरणाचं पुस्तक घेऊ नकोस. तू आधी पाठवलेली दहा मेल प्रिंट काढून घे आणि पेन्सिल घेऊन बस. वर्णनाचा प्रत्येक शब्द गोल कर आणि तो ज्याच्याबद्दल बोलतोय तिथपर्यंत बाण काढ. बाण वस्तूवर गेला, ली नको. बाण कामावर गेला, ली हवा किंवा वर सांगितलेल्या बोडक्यांपैकी एक हवा. बाण कुठंच जात नसला तर तो शब्द खोडून टाक. माझ्या वर्गात हा खेळ आम्ही खेळायचो तेव्हा पोरांच्या वह्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसायच्या, पण तीन-चार आठवड्यांत बाण काढायची गरज उरायची नाही. तुझं मराठी वाक्यही तसंच तपासून बघ, 'ती सुंदर गाते' यात बाण कुठं जातो? गाण्यावर. मग इंग्रजीत ब्यूटिफुली.

ते पुण्याचं मेल पुन्हा लिहायचं झालं तर 'वी वर्क्ड हार्ड' बरोबर आहे, पण मी तेही लिहिणार नाही. मी लिहीन, 'वी वर्क्ड थ्रू संडे टू कम्प्लीट युअर ऑर्डर.' रविवार म्हटलं की कष्ट आपोआप कळतात.

राहिलं साहेबांचं 'रिव्हर्ट बॅक अर्जंटली'. रिव्हर्टचा मूळ अर्थच मागे जाणे, पूर्वपदावर येणे, म्हणजे बॅक त्यात आधीच बसलेला आहे. आपण म्हणतो ना, 'परत माघारी आला', तसं. शिवाय 'उत्तर द्या' या अर्थानं रिव्हर्ट आपल्याकडच्या ऑफिसांत सर्रास चालतो, बाहेरच्या गिऱ्हाइकाला तो विचित्र वाटू शकतो. 'प्लीज रिप्लाय' पुरे. अर्जंटली मात्र बरोबर आहे, बाण कामावर जातो, ली जागेवर आहे. तीन शब्दांतला एक बरोबर. पण हे साहेबांना सगळ्यांसमोर वाचून दाखवू नकोस, निदान तुझं इन्क्रिमेंट होईपर्यंत तरी.